जुन्या चेनसॉचा बार कोरडा पडतोय: पंप बदलला, झडप बदलली, तरी चेनला तेल नाही

रानवाट (धागाकर्ती)
शनिवार, सकाळी ८:४०

नमस्कार मंडळी. तीन आठवडे झाले, एकाच दुखण्याच्या मागे आहे. आता इथे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही असं ठरवलंय.

माझ्याकडे काकांची जुनी पेट्रोल चेनसॉ आहे. वय पंचवीसच्या पुढेमागे, बार (चेन जिच्या कडेने फिरते ती पोलादी पट्टी) १८ इंची, पेट्रोलची टाकी अर्ध्या लिटरची आणि बारच्या तेलाची पाव लिटरची. इंजिन ठणठणीत आहे, दुसऱ्या-तिसऱ्या ओढीला सुरू होतं. तक्रार एकच आहे. ओंडके कापायला घेतले की सुरुवातीला सगळं सुरळीत चालतं आणि सात-आठ मिनिटांनी चेन कोरडी पडते. बारच्या टोकाशी धूर येतो, जळका वास येतो, चेन तापून सैल होते. बारच्या वरच्या कडेला निळसर डागही आलेत.

आतापर्यंत केलेले उपाय:

बारची खाच पातळ पत्र्याने खरवडून साफ केली. तेलाचं भोक तारेने मोकळं केलं. बार उलटा करून बसवला. जुनं तेल ओतून टाकून बारसाठीचं नवं तेल भरलं. मग एका दुरुस्तीवाल्यांकडून तेलपंप नवा बसवून घेतला. त्यानेही फरक पडला नाही. चेन कोरडी पडली की झाकण उघडून तेल काठापर्यंत भरते, आणि पुन्हा पाच-सात मिनिटं करवत छान चालते. त्यावरून वाटलं की टाकीला हवा मिळत नसावी, म्हणून हवेची झडपही नवी घातली. तरी तेच.

काकांनी ही करवत फार जपून वापरली होती. ती टाकून द्यायची नाही आणि अशीच चालवून जाळायचीही नाही. कुठे बघू?

ओंडकेफोड
शनिवार, सकाळी ९:१५

माझ्याकडेही असंच होत होतं. मी बारचं तेलाचं भोक ड्रिलने थोडं मोठं केलं आणि तेल पातळ केलं, तेव्हापासून ठीक आहे. पंपाखाली तेल कमी-जास्त करायचा स्क्रू असेल तर तो पूर्ण उघडून बघा.

वंगण
शनिवार, सकाळी ९:५०

ड्रिल आत्ताच हातात घेऊ नका. बारचं पोलाद कडक असतं, बिट घसरलं की भोक वेडंवाकडं होतं, आणि धातूचा चुरा खाचेत राहिला तर पुढच्या वेळी चेनच तो ओढत टोकाच्या बेअरिंगमध्ये नेते. शिवाय ताईंची करवत पहिली सात मिनिटं नीट तेल देते. म्हणजे भोक पुरेसं आहे. भोक लहान असतं तर पहिल्या मिनिटापासून रडगाणं असतं.

स्क्रू मात्र बघायला हरकत नाही. बऱ्याच करवतींना तो खालच्या बाजूला असतो, शेजारी अधिक-उणे खूण असते. पंपातला बारीक दट्ट्या फिरता फिरता पुढेमागे होतो आणि या स्क्रूने त्याची धाव कमी-जास्त होते. काही मॉडेलना स्क्रूच नसतो, तेव्हा सापडला नाही तर शोधत बसू नका.

जुना_पाना
शनिवार, सकाळी ११:३०

रानवाट ताई, तुम्ही लक्षणं नीट लिहिलीत, त्यामुळे काम सोपं झालं. थोडं सविस्तर लिहितो.

आधी हिशेब बघू. चेनसॉ बनवणारे दोन्ही टाक्यांचं माप असं ठरवतात की पेट्रोल आधी संपावं आणि तेल थोडंसं उरावं. पाव लिटर तेल पंचवीसेक मिनिटांत जायचं म्हणजे मिनिटाला साधारण १० मिली. तुमच्या मापाच्या करवतीला हे बरोबर आहे. म्हणून पहिलं काम: दोन्ही टाक्या भरा, मध्ये झाकण न उघडता काम करा आणि बार कोरडा पडला की थांबा. मग सुईशिवायची मोठी सिरिंज घेऊन तेलाची टाकी पुन्हा काठापर्यंत भरा. किती मिली लागलं ते लिहून ठेवा. हा आकडा तुमच्या कुठल्याही वर्णनापेक्षा मला जास्त सांगेल.

आता मुख्य मुद्दा. झाकण उघडून तेल भरलं की चालतं, म्हणून तुम्ही हवेची झडप बदललीत. पण तुम्ही एका वेळी दोन गोष्टी करत होतात. झाकण उघडलं तेव्हा टाकीतली पोकळी मोडली, आणि तेल भरलं तेव्हा टाकीतली पातळी वर आली. यातल्या नेमक्या कशामुळे तेल परत आलं, ते त्यावरून कळत नाही.

झडप बंद असेल तर तेल बाहेर जातं पण त्याच्या जागी हवा आत येत नाही. टाकीत पोकळी वाढत जाते आणि शेवटी पंपाला तेल ओढवत नाही. अशा वेळी झाकण सैल करताना हवा आत शिरल्याचा ‘स्स्स’ आवाज येतो आणि नुसतं झाकण उघडून लावलं तरी तेल सुरू होतं.

टाकीतली रबरी नळी चिरलेली असेल तर गोष्ट वेगळी. टाकी भरलेली असताना चीर तेलात बुडालेली असते, त्यामुळे चिरेतूनही तेलच ओढलं जातं आणि सगळं छान वाटतं. पातळी चिरेच्या खाली गेली की पंप तिथून हवा ओढतो. गाळणीकडून जड तेल वर ओढण्यापेक्षा चिरेतून हवा घेणं त्याला सोपं पडतं. तेल बंद. आता झाकण शंभर वेळा उघडा, काही होणार नाही. तेल भरून पातळी वर आणली तरच सुरू होईल.

म्हणून दुसरं काम: पुढच्या वेळी तेल बंद पडलं की फक्त झाकण उघडा, कान देऊन आवाज ऐका, काही न भरता लावा आणि करवत चालवून बघा. त्यानंतरच तेल भरा.

तेल येतंय की नाही हे बघायला कागदाची चाचणी पुरेशी आहे. फिकट पुठ्ठा किंवा जुनं वर्तमानपत्र जमिनीवर ठेवा, बारचं टोक त्याच्यापासून वीतभर उंच धरा आणि पाऊण रेस द्या. अर्ध्या मिनिटात कागदावर तेलाची रेघ उमटली पाहिजे. चेन कागदाला किंवा जमिनीला अजिबात लागू देऊ नका.

घर्षण
शनिवार, दुपारी १:०५

एक शंका काढून टाका. चेनला धार आहे ना? कापताना लाकडाचे कपचे उडतात की बारीक पीठ पडतं? बोथट चेन दाबून चालवावी लागते, तेल असूनही बार तापतो, आणि ते पीठ तेलात कालवून खाच बुजते. तेलाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या निम्म्या करवती मी आधी धार लावून परत दिल्यात.

रानवाट (धागाकर्ती)
शनिवार, संध्याकाळी ६:२०

घर्षण दादा, चेन कालच कानशीने घासली आहे, कपचे चांगले मोठे पडतायत.

जुना पाना काका, दोन्ही कामं केली.

आठ मिनिटांनी बार कोरडा पडला. झाकण सैल केलं. आवाज आला नाही. लावून पुन्हा चालवलं, कागद कोरडाच. मग सिरिंजने तेल भरलं: ७० मिली. लगेच कागदावर रेघ आली.

म्हणजे झडप नव्हतीच. नवी झडप उगाच घातली. टाकीत १८० मिली तेल शिल्लक असताना बार जळत होता, हे वाचून मलाच कसंतरी झालं.

जुना_पाना
शनिवार, संध्याकाळी ७:००

७० मिली आणि आवाज नाही. नळी बघा. चीर टाकीच्या वरच्या भागात, म्हणजे नळी टाकीच्या भिंतीतून पंपाकडे जाते त्या बुचाजवळ असणार. पंप नवा बसवताना नळी तीच ठेवली असेल. रबर पंचवीस वर्षांत कडक होतं, पंप काढता-घालताना नळी वाकली की तिथेच फाटते.

उघडण्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढून बाजूला बांधून ठेवा. टाकी रिकामी करा. तेल भरायच्या तोंडातून वाकवलेल्या तारेच्या हुकाने नळीचं गाळणीकडचं टोक बाहेर ओढा. तेवढ्यावरच बरंच दिसेल. गाळणीही बघून घ्या. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या करवतीत तिच्यावर डिंकासारखा थर बसतो, विशेषतः पूर्वी कुणी वनस्पती तेल वापरलं असेल तर. ते तेल चालू कामात चांगलं वंगण देतं, पण हवा लागून वाळतं आणि चिकट होतं.

रानवाट (धागाकर्ती)
रविवार, सकाळी १०:४५

नळी बाहेर ओढली. वरवर बघितलं तर धडधाकट. काळी, गुळगुळीत, कुठे काही नाही. म्हटलं हेही नाही. मग बुचापासून बोटभर अंतरावर दोन्ही हातांनी वाकवली आणि वाकाच्या बाहेरच्या बाजूला केसाएवढी रेघ उघडली. आतून रबर करडं दिसत होतं. हात सोडला की रेघ गायब. पुन्हा वाकवली, पुन्हा उघडली. नळी टाकीत नेमकी याच जागी वळते, म्हणजे टाकीत असताना ही चीर कायम उघडीच असणार.

गाळणी रॉकेलमध्ये बुडवली तर तपकिरी पाणी सुटलं, पण जाळी फाटलेली नाही.

आता पूर्ण नळी बदलायला क्लच (इंजिनची गती चेनपर्यंत पोचवणारा भाग) काढावा लागेल ना? तो हलतच नाहीये. पानाही घसरतोय.

वंगण
रविवार, सकाळी ११:१०

कुठल्या बाजूला फिरवताय? क्लचचे आटे उलटे असतात. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवला की तो सैल होतो. बहुतेक क्लचवर बाणही कोरलेला असतो, मळी पुसून बघा.

जुना_पाना
रविवार, सकाळी ११:२५

वंगण म्हणतात तेच. आणि इंजिन फिरू नये म्हणून फ्लायव्हीलमध्ये स्क्रूड्रायव्हर अडकवू नका, पाती तुटतात. स्पार्क प्लग काढा आणि त्या भोकातून स्टार्टरच्या दोरीसारखी जाड नायलॉनची दोरी हातभर आत सोडा, शेवट बाहेर ठेवा. मग क्लच ज्या बाजूला सैल करायचा त्याच बाजूला हळू फिरवा. इंजिनचा दट्ट्या (पिस्टन) वर येऊन दोरीवर टेकेल आणि थांबेल. दोरी मऊ असते, दट्ट्याला इजा होत नाही.

यात एक काळजी घ्या, आणि ही कृपा करून वगळू नका. दोरी सोडण्याआधी दट्ट्या इतका वर आणा की सायलेन्सरकडचं तोंड बंद झालेलं असेल. तोंड उघडं असताना दोरी सोडली तर तिचा वेढा त्या तोंडात शिरतो आणि दट्ट्याची कड तो चिरडते. दोरीचा तुकडा आत राहिला तर सिलिंडर उघडण्याशिवाय इलाज नाही.

ड्रम (क्लचवरची चेन फिरवणारी वाटी) काढल्यावर इंजिन सुरू करून बघायचा मोह होईल, तेही नको. ड्रमच्या आधाराशिवाय क्लचचे बूट वेगात बाहेर फेकले जातात. मी एकदा भिंतीत रुतलेला बूट पाहिलाय.

करवतकार_नवा
रविवार, दुपारी १२:४०

मध्येच विचारतो, माफ करा. माझीही करवत तेल देत नाही, पण माझी अजिबातच देत नाही, पहिल्या मिनिटापासून. चेनला लागू नये म्हणून ब्रेक लावून रेस देऊन बघितलं, बार काढून तेलाच्या तोंडाशी बघितलं, थेंबही नाही. नळी माझीही गेली असेल का?

जुना_पाना
रविवार, दुपारी १:३०

नवा भाऊ, तुमची चाचणीच गडबडीची होती. तेलपंप चालवण्याच्या दोन तऱ्हा आहेत. काही करवतींत पंपाचा वर्म गिअर (पंप फिरवणारा मळसूत्री गिअर) थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्यावर असतो, तिथे इंजिन फिरलं की तेल सुरू, मग चेन फिरो न फिरो. बऱ्याच करवतींत मात्र वर्म गिअर क्लचच्या ड्रमबरोबर फिरतो. त्यातून निघालेली तारेची बोटासारखी दांडी ड्रमच्या खाचेत अडकलेली असते. अशा करवतीत चेन थांबली की तेलही थांबतं. तुम्ही ब्रेक लावलात तेव्हा ड्रम जागेवर अडकला, तेल येणं शक्यच नव्हतं.

दुसरं, ब्रेक लावून किती वेळ रेस दिलीत? क्लच अडकलेल्या ड्रमवर घासत राहतो आणि ड्रम भयंकर तापतो. मागे असलेला वर्म गिअर प्लास्टिकचा असेल तर दात वितळतात. पाच-सात सेकंदांच्या वर कधीच देऊ नका.

आता ब्रेक सोडून कागदावर बघा. तरीही कोरडं असेल तर ड्रम काढून ती तारेची दांडी तुटलीय का आणि गिअरचे दात जागेवर आहेत का ते पाहा. पहिल्या मिनिटापासून काहीच न येणं हे बहुतेक वेळा तिथलं असतं. गाळणी पूर्ण बुजली असेल तरही तसं होतं.

करवतकार_नवा
रविवार, दुपारी ४:१५

ब्रेक सोडून बघितलं, तरी कोरडं. ड्रम काढला. दांडी जाग्यावर आहे, पण वर्म गिअरचे तीन-चार दात मेणासारखे ओघळलेत. ब्रेक लावून मी चांगलं अर्धं मिनिट रेस दिली होती. आधीचा दोष काय होता ते आता कळायला मार्ग नाही. नवा गिअर मागवतो.

ओंडकेफोड
रविवार, दुपारी ५:००

तेलाबद्दल विचारायचं होतं. मी गाडीतलं काढलेलं जुनं इंजिन ऑइल गाळून वापरतो. नाही तरी सगळं उडूनच जातं, मग चांगलं तेल कशाला?

वंगण
रविवार, संध्याकाळी ५:४०

ओंडकेफोड दादा, याला माझा कडक विरोध आहे. कारणं सांगतो.

जुन्या इंजिन ऑइलमध्ये झिजलेल्या धातूचे कण असतात. फडक्यातून गाळल्याने मोठा गाळ जातो, बारीक कण राहतातच, आणि तेलपंपाचा दट्ट्या त्याच्या घरात अगदी तंग बसलेला असतो. ते कण त्याला घासून सैल करतात. पंप एकदा सैल झाला की तेल ढकलण्याऐवजी ते मागेच सरकू देतो.

दुसरं कारण तुम्ही स्वतःच लिहिलंत: सगळं उडून जातं. ते उडतं तुमच्या चेहऱ्यावर, हातावर, भुश्यात आणि मातीत. वापरलेल्या इंजिन ऑइलमधले जळके घटक कर्करोगाला कारण ठरू शकतात. ते सारखं त्वचेला लागू द्यायचं नसतं.

तिसरं, साधं इंजिन ऑइल चिकट नसतं. चेन सेकंदाला वीसेक मीटर वेगाने धावते. टोकाच्या वळणावर तेल बाहेर फेकलं जातं आणि खालच्या बाजूला परत येताना चेन कोरडी असते. बारच्या तेलात चिकटपणासाठी मुद्दाम घटक घातलेले असतात. बोटावर घेऊन दोन बोटं लांब केलीत तर तंतू निघतो. थंडीत ते फार घट्ट झालं तर हिवाळ्यासाठीचं पातळ प्रतीचं घ्या, पण बारचंच घ्या. अडचणीत नवं इंजिन ऑइल एक-दोन टाक्या चालवलंत तर मी काही बोलणार नाही. वापरलेलं मात्र नको.

ओंडकेफोड
रविवार, संध्याकाळी ६:१०

त्वचेचं माहीत नव्हतं. डबा बाजूला ठेवला. जुन्या तेलाच्या विल्हेवाटीसाठी जमा करतात तिथे देतो.

रानवाट (धागाकर्ती)
मंगळवार, रात्री ८:३०

क्लच निघाला! बाण होताच, मळीखाली. दोरीच्या वेळी सायलेन्सर काढून तोंड बंद झाल्याचं डोळ्यांनी बघितलं आणि मगच दोरी सोडली. पान्याला एक हिसका दिला आणि तो सुटला.

जुनी नळी हातात आल्यावर खात्री करून घेतली. एक टोक बोटाने बंद केलं, दुसऱ्यातून फुंकलं आणि नळी साबणाच्या पाण्यात वाकवून धरली. चिरेतून बारीक बुडबुड्यांची ओळ निघाली. नवी नळी बुचासकट आली. तेल लावून आत घातली, तोंडातून पक्कडीने हलके ओढून जागेवर बसवली. गाळणी नवीच टाकली.

आज पेट्रोलची पूर्ण टाकी संपेपर्यंत काम केलं. तेल पुन्हा भरायला २२० मिली लागलं. आकडा अगदी तुम्ही सांगितला तसा.

पण काका, समाधान पूर्ण नाही. कागदावर रेघ येते ती फिकट, आणि टोकाशी अजून थोडा वास येतो. मग २२० मिली गेलं कुठे? करवत पुठ्ठ्यावर ठेवली तर खाली हाताएवढा डाग पडतो. कव्हर उघडलं तर आत सगळीकडे तेलात भिजलेला भुसा. नवी नळी गळतेय का? आतला फोटो टाकते.

घर्षण
मंगळवार, रात्री ९:१०

काम संपवून ठेवल्यावर दोन-चार थेंब गळणं वेगळं, ते बारवर राहिलेलं तेल असतं. हाताएवढा डाग म्हणजे तेल चाललेल्या करवतीतून बाहेर जातंय. टाकी भरून करवत रात्रभर न चालवता ठेवा. पुठ्ठा कोरडा राहिला तर नळी आणि टाकी दोन्ही धड आहेत.

जुना_पाना
मंगळवार, रात्री ९:४५

घर्षण यांची चाचणी कराच. पण फोटोत मला एक दिसतंय, किंवा दिसायला हवं ते दिसत नाहीये. बार ज्या अंगावर टेकतो तिथे पातळ पोलादी पत्रा असायला हवा. बारच्या दोन बोल्टमधून जाणारा, कागदापेक्षा थोडा जाड. तुमच्या फोटोत बार थेट करवतीच्या अंगावर बसलाय.

पंपाचं तेल अंगावरच्या खाचेतून येतं आणि बारच्या भोकात शिरतं. या प्रवासात दोघांमध्ये फट राहून चालत नाही. तो पत्रा ही फट बंद करतो आणि तेलाला नेमका रस्ता देतो. पत्रा नसेल तर बार घट्ट आवळला तरी तेल बारच्या पाठीवरून खाली ओघळतं, भुश्यात मुरतं आणि पुठ्ठ्यावर पडतं. पंप त्याचं काम करतोय, २२० मिली बाहेर काढतोय, पण त्यातलं थोडंच खाचेत पोचतं. पहिल्या दिवशी मी तुम्हाला खपाचा आकडा बघायला सांगितलं. त्यावरून एवढंच कळतं की तेल टाकीतून गेलं. चेनला किती मिळालं ते कागदच दाखवतो.

पंप बदलताना हा पत्रा काढावा लागतो. परत घालायचा राहिला असेल. दुरुस्तीवाल्यांना विचारा. नाहीतर करवतीच्या मॉडेलवरून सुटा भाग म्हणून मिळतो.

रानवाट (धागाकर्ती)
बुधवार, सकाळी ७:५०

रात्रभर ठेवलेला पुठ्ठा पूर्ण कोरडा आहे. म्हणजे नळी चांगली.

आणि पत्रा सापडला. पंप बदलल्यावर त्यांनी जुना पंप एका पिशवीत घालून परत दिला होता. ती पिशवी मी उघडलीही नव्हती. तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेला तो पातळ पत्रा होता, दोन बोल्टची भोकं आणि मध्ये तेलाची लांबट खाच. इतके दिवस तो माझ्या कपाटात होता.

वंगण
बुधवार, सकाळी ८:२०

छान! बसवण्याआधी सपाट काचेवर ठेवून बघा, वाकला असेल तर तेल परत गळेल. अंगावरचा वाळलेला भुसा रॉकेलने पुसून काढा. आणि पत्र्याची खाच पंपाच्या तोंडावर आलीय ना हे बार लावायच्या आधी बघा. पत्रा उलटा बसला तर तेलाचं तोंडच झाकलं जातं.

जुना_पाना
बुधवार, सकाळी ८:४०

एकदा बार बसवताना त्याचं भोक कुठे येतं तेही बघून घ्या. चेन ताणायचा खिळा बारच्या ज्या भोकात बसतो त्याच्या शेजारीच तेलाचं भोक असतं, आणि चेन ताणताना बार पुढेमागे सरकतो. पत्र्यावरची खाच त्यासाठीच लांबट असते. दुसऱ्या मॉडेलचा बार कुणी बसवला असेल तर भोक खाचेच्या बाहेर पडतं. तुमच्या काकांनी मूळचाच बार ठेवला असेल असं वाटतं, पण बघायला वेळ लागत नाही.

निळसर डागांचं काय? त्या कडेवर चपटी कानस धरून उमटलेली धार काढून टाका, दोन्ही कडा समान उंचीच्या करा. चेनचे खालचे दात खाचेच्या तळाला टेकत नसतील तर बार अजून चालेल.

रानवाट (धागाकर्ती)
शनिवार, दुपारी ४:३०

आज पूर्ण दिवस काम केलं, म्हणून उशिरा लिहितेय.

पत्रा सपाट होता. खाच पंपाच्या तोंडावर, बारचं भोक खाचेच्या मधोमध. कडा घासल्या. दात तळाला टेकत नाहीत, नखाएवढी जागा आहे.

पहिल्यांदा कागद. पाऊण रेस, टोक वीतभर उंच. दहा सेकंदांत बारीक शिंतोडे, पंधराव्या सेकंदाला सरळ, गडद, ओली रेघ. माझे काका करवत तपासताना गोठ्याच्या भिंतीवर अशीच रेघ काढायचे हे एकदम आठवलं. भिंतीवर त्या रेघा अजून आहेत, एकावर एक.

मग तीन टाक्या पेट्रोल संपवलं. दर वेळी सिरिंजने मोजलं: २१०, २१५, २१०. धूर नाही, वास नाही, चेन दिवसभरात एकदाच ताणावी लागली. बारच्या टोकाला काम थांबवल्याबरोबर हात लावून बघितला (इंजिन बंद करून, हातमोजा घालून): कोमट.

पुठ्ठ्यावर रुपयाएवढा डाग.

करवतकार_नवा
शनिवार, संध्याकाळी ५:१०

अभिनंदन ताई! माझा गिअर आला, आज बसवला. ब्रेक सोडून कागद धरला, रेघ आली. पण एक टाकी संपवल्यावर तेल भरायला फक्त ११० मिली लागलं, टाकी तुमच्यासारखीच पाव लिटरची. बंद मध्ये कुठेच पडलं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखंच कमी येतं.

जुना_पाना
शनिवार, संध्याकाळी ५:३५

सारखंच कमी असेल तर चीर नाही आणि झडपही नाही. आधी गाळणी बाहेर काढून रॉकेलमध्ये टाका, मग खालचा स्क्रू अधिकच्या बाजूला पाव फेरा द्या. दोन्ही एकदम करू नका. एक केलं की एक टाकी चालवा, मोजा, आकडा इथे टाका.